दोन नंबर बारीक

घमापुर, जबलपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे

आदरणीय चंद्रशेखर काकांना सुमेधचा सप्रेम जय भीम.

आत्ता मी तुमची गिटार कोरड्या फडक्याने पुसून पलंगावर ठेवली, हात धुतले आणि पत्र लिहायला बसलो.

मी कोण ते आधी सांगायला हवे. मी गुलाबरावांचा मुलगा. तुम्ही जबलपूर सोडले तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. बाबा गेल्या नोव्हेंबरात गेले. तुमचा नागपूरचा नंबर आणि पत्ता रेल्वेच्या एका पेन्शनवाल्या काकांकडून मिळाला. फोन केला तर तुमच्या मुलीने, प्रणोती दीदींनी उचलला. त्या म्हणाल्या, "बाबांना फोनवर ऐकू येत नाही, नुसते हो हो करतात. लिहाल तर वाचतील." म्हणून लिहितो. मी हिंदी शाळेत नववीपर्यंतच शिकलो. मराठी लिहायला बाबांनी घरी शिकवले. चूक दिसली तर कळवा, मला राग येत नाही. गिटारला ‘ती’ म्हणायचे की ‘ते’, हेही कळवा. हिंदीत तो आहे.

ती आमच्याकडे पलंगाखाली होती. तिच्या पोटावर जाळीची गोल थाळी आहे. तुमच्या ऑर्केस्ट्रात सगळे तिला थाळीवाली म्हणत, असे आईने सांगितले. थाळीचे स्क्रू काढून मी आत पाहिले. आत पातळ ॲल्युमिनियमची ताटाएवढी वाटी आहे. ती कधीतरी चेपलेली असावी, कारण बाबांनी लाकडी साचा करून ती ठोकून सरळ केली आहे. हातोडीच्या खुणा ओळखू येतात. तारा एकही नाही. पेटीत पोलादी दांडी आहे, बोटांत घालायच्या तीन नख्या आहेत आणि एका सुट्या तारेचे जुने पाकीट आहे. त्यावर एक टिंब, एक शून्य आणि सोळा असे छापले आहे.

बाबा दर जयंतीला गिटार बाहेर काढून पुसत आणि परत ठेवत. मी तारा लावू म्हटले की म्हणत, "ज्याची आहे त्याले येऊ दे."

माझी विनंती दोन आहेत. एक, तिला कोणत्या तारा लावायच्या ते कळवावे. दुसरी, १४ एप्रिलला वस्तीत कार्यक्रम असतो, तुम्ही यावे आणि ती वाजवावी.

आपला,
सुमेध

(‘माझी विनंती दोन आहेत’ हे चुकले आहे. माझ्या विनंत्या दोन आहेत.)

&nbsp;

नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. सुमेध, जय भीम.

पत्र मिळालं. गुलाबराव गेल्याचं तुझ्याकडूनच कळलं. वाईट वाटलं. तुझ्या आईला, लताला, सांग.

विनंत्यांची चूक तूच सुधारलीस, बाकी काही नाही. गिटारला आम्ही ‘ती’ म्हणायचो.

मी येणार नाही. माझा उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा चालला आहे. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचा हिशेब धरायला सांगितलं आहे. जे काही ऐकू येईल ते घरातल्यांचं ऐकावं असं ठरवलं आहे. गिटार ठेव किंवा विक, माझी हरकत नाही.

तारांचं विचारलंस म्हणून सांगतो. या गिटारीत लाकूड वाजत नाही, ती वाटी वाजते. तारांचा सगळा भार त्यांच्याखालच्या घोडीवर आणि घोडीचा वाटीवर. तारांचे संच पहिल्या तारेच्या नंबरावरून ओळखतात. मी सोळाचा संच लावत असे. पण ठोकून सरळ केलेली वाटी तो भार सोसणार नाही. तेव्हा दोन नंबर बारीक घे. जाड अजिबात नको. जाड लावल्यावर काय होतं, ते तुझ्या बाबांना चांगलं ठाऊक होतं.

चंद्रशेखर

&nbsp;

घमापुर, जबलपूर
रविवार, २ मार्च २०२५, दुपारी १ वाजून १५ मिनिटे

आदरणीय काका, जय भीम.

जेवण झाले. आई भांडी घासत आहे. तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवले. शेवटचे वाक्य मात्र वाचले नाही. पण मी थांबलो हे तिला कळले. म्हणाली, "पुढं काय लिहिलं? तू थुंकी गिळून राहिला म्हणजे काहीतरी आहे." मग वाचले. ती उठून भांडी घासायला गेली.

मी श्यामसुंदर भैयांच्या दुकानात मोटर वाइंडिंगचे काम करतो. पंखे, पाण्याच्या मोटरी, कूलर. जळालेली तार उलगडायची, वेढे मोजायचे आणि त्याच नंबरची नवी तार भरायची. त्यामुळे तारांचे नंबर मला पाठ आहेत. तुम्ही ‘दोन नंबर बारीक’ लिहिले तेव्हा बरे वाटले, कारण ही भाषा मला येते. नाहीतर संगीतातले मला काही कळत नाही.

काल कमानिया गेटजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "थाली वाली गिटार? भैया, इसको बजाने वाला शहर में बचा कौन?" मी म्हटले, नागपूरला आहेत. तो म्हणाला, मग तारा नागपूरलाच मिळतील. शेवटी कोलकात्याहून मागवून देतो म्हणाला. तुम्ही सांगितले तसा दोन नंबर बारीक संच मागवला आहे. बाराशे साठ रुपये आगाऊ घेतले.

काका, एक विचारायचे आहे. वस्तीत एक जुनी गंमत आहे. कार्यक्रमात माईक शिट्टी मारू लागला, ढोलकी उतरली, पेटीचा सूर अडकला, की मागून कोणीतरी म्हणते, "गुलाबराव हात लावून गेले काय?" आणि सगळे हसतात. लहानपणी मीही हसायचो. मला वाटायचे बाबा धांदरट असतील. पण ते धांदरट नव्हते, कारखान्यात तारांचे स्टोअर सांभाळत आणि एक तोळाही इकडेतिकडे होऊ देत नसत. तुमचे ते वाक्य वाचल्यापासून ही गंमत डोक्यातून जात नाही. बाबांना काय ठाऊक होते, ते सांगाल काय?

आई म्हणाली, "विचारायचं त विचार, पण भांडू नको." मी भांडत नाही.

आपला,
सुमेध

&nbsp;

नागपूर
१२ मार्च २०२५

चि. सुमेध, जय भीम.

विचारलंस ते बरं केलंस. प्रणोतीलाही मी हे कधी नीट सांगितलेलं नाही.

तुझे बाबा ढोलकी वाजवत आणि मी गिटार. अकरा वर्षं सोबत वाजवलं. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जयंतीला नागपूरहून कॅसेटवाल्यांचा एक माणूस मला ऐकायला येणार होता. फक्त गिटार. ढोलकीवाले त्यांचे त्यांच्याकडे होते. मी हे गुलाबला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "जाय बाप्पा, कॅसेटवर माझं नाव नको टाकू, ढोलकीची इज्जत राहील." मला ते हसणं नंतर फार आठवलं.

थाळीतून थोडी खरखर येऊ लागली होती, वाटी थकली होती. मी गुलाबला म्हटलं, माझी ड्यूटी आहे, तू दोन नंबर बारीक संच आण आणि लावून ठेव. त्यानं आणला, लावला. मी संध्याकाळी थेट स्टेजवर पोचलो. सूर लावायला घेतला. चौथी तार वर चढवली आणि डब्याचं झाकण दाबल्यासारखा आवाज झाला. वाटी बसली. घोडी आत गेली. तो माणूस समोर पहिल्या रांगेत होता.

पाकीट पाहिलं तर अठराचा संच. मी बारीक सांगितला, त्यानं जाड आणला. तो म्हणाला, "तू सांगितलं तेच आणलं." माईक चालू होता. मी म्हणालो, "तारांच्या स्टोअरात वीस वर्षं काढलेल्या माणसाला जाड-बारीक कळत नाही, हे कोणाला सांगतोस? मी चाललो, तू राहिलास, म्हणून केलंस." सगळ्या वस्तीनं ऐकलं. तुमची ती गंमत तिथून आली असणार. गिटार तिथेच टाकून मी निघालो. जूनमध्ये बदली झाली.

तारांचं काम करणारा माणूस अशी चूक कशी करेल? सव्वीस वर्षं मी हाच प्रश्न धरून बसलो. याचं दुसरं उत्तर मला सापडलं नाही.

पण तू तिला तारा लावतो आहेस. त्यावरून दोन दिवस विचार केला. १३ एप्रिलला मी येतो. कार्यक्रमासाठी नाही. डाव्या कानानं एकदा तिला ऐकायचं आहे. प्रणोती सोबत येईल.

तारा लावताना घाई नको. एक एक लाव. आधी सैल ठेव, रात्रभर राहू दे, दुसऱ्या दिवशी थोडं वर ने.

चंद्रशेखर

&nbsp;

घमापुर, जबलपूर
सोमवार, २४ मार्च २०२५, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

आदरणीय काका, जय भीम.

आत्ता मी ओट्यावर बाबांचे गेज ठेवून चौथ्यांदा तीच तार मोजली. आता लिहितो. हे पत्र वाचून तुम्ही रागवाल, आणि रागवायलाच हवे.

वाटी पुन्हा बसली.

शनिवारी तारा आल्या. तुम्ही सांगितले तसे एक एक लावल्या. एक रात्र सैल ठेवल्या. काल संध्याकाळी मोबाइलवर सूर लावून थोडे थोडे वर नेत होतो. आई भाजी निवडत होती. तुम्ही लिहिलेला आवाज झाला. आईच्या हातातून मेथी सुटली. ती म्हणाली, "हाच. हाच आवाज होता."

काका, मी अठराचा संच आणला होता.

मी मुद्दाम आणला नाही. कसा आणला ते सांगतो. आमच्या कामात नंबर वाढला की तार बारीक होते. मोटरीला बावीस नंबर लागते, ती जाड. पंख्याला चौतीस, ती केसासारखी. बाबांच्या कारखान्यातही हेच नंबर. मी लहान असताना बाबा मला गेज खेळायला देत. गेज म्हणजे पोलादाची गोल चकती, तिच्या काठाला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेजवळ नंबर. "नंबर वाढला, तार बारीक," हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तुम्ही सोळापेक्षा दोन नंबर बारीक लिहिले, मी अठरा वाचले. त्याखेरीज दुसरे काही वाचता येईल असे माझ्या मनातही आले नाही.

तार आली तेव्हा मी मोजली नाही. आम्ही नवी तार मोजत नाही, रिळावर नंबर असतो. जळालेलीच मोजतो. पाकिटावर बाकी तारांचे आकडेही होते आणि ते वाढत जात होते, शेवटची सगळ्यात जाड आणि तिचा आकडा सगळ्यात मोठा. ते मला दिसले होते. पण जाड तारांवर दुसरी तार गुंडाळलेली असते, त्यांचा हिशेब वेगळा असेल, असे म्हणून मी पुढे गेलो. हे मी लपवत नाही.

काल आवाज झाल्यावर आईने बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून गेज काढून दिले. अठरा छापलेली तार सव्वीसच्या खाचेत अचूक बसली. तुमच्या जुन्या पाकिटातली सोळाची तार सत्तावीसच्या खाचेत गेली. म्हणजे सोळा बारीक आणि अठरा जाड. मग ते टिंब आणि शून्य आठवले. श्यामसुंदर भैयांना रात्री फोन केला. ते म्हणाले, "अरे, वो नंबर नहीं है, नाप है. इंच का हिस्सा." तुमचा आकडा म्हणजे जाडीचे माप आहे. आमचा म्हणजे नंबर आहे. दोन्ही उलटे चालतात, आणि तोंडाने म्हणताना दोन्हींना नंबरच म्हणतात.

सोळा आणि अठरामधला फरक बोटाला कळत नाही. मी डोळे मिटून पाहिले.

म्हणून बाबा म्हणाले की तू सांगितले तेच आणले. त्यांनी तेच आणले होते.

आईने आणखी सांगितले. त्या जयंतीनंतर बाबा हे गेज खिशात घालून तुमच्या रेल्वे कॉलनीत चार वेळा गेले. चारही वेळा तुम्ही ड्यूटीवर होता. चौथ्यांदा परत आले तेव्हा त्यांनी गेज हत्यारांच्या पेटीत टाकले आणि म्हणाले, "आता नाही जात." पुढे त्यांनी ही गोष्ट काढली नाही. गमतीवर हसत.

आता तुम्ही १३ तारखेला येऊन काय ऐकणार? वाटीला या वेळी चीर गेली आहे, ती ठोकून सरळ होणार नाही. तुमचा डावा कान, आणि मी ही चूक केली. रात्रभर झोप आली नाही. नंबर विचारून एक ओळ लिहिली असती तर तुम्ही उत्तर दिले असते. मला येते असे वाटले, म्हणून विचारले नाही.

आपला,
सुमेध

&nbsp;

नागपूर
६ एप्रिल २०२५

चि. सुमेध, जय भीम.

तुझं पत्र आल्यावर प्रणोती विचारत राहिली की काय झालं. मी कान गेल्याचं सोंग केलं.

तू चूक केली नाहीस. तू आणि गुलाब, दोघांनीही मी सांगितलं ते बरोबर केलं. मीच दोनदा अर्धं सांगितलं. ‘चौदाचा संच’ एवढं म्हणायचं होतं.

लताला हे वाचून दाखव. चौथ्यांदा तो आला तेव्हा मी घरात होतो. तिसऱ्यांदाही होतो. बायको दारात जाऊन ड्यूटीवर गेलेत म्हणाली. मी पडद्यामागे उभा होतो. तो गेला नाही, तिथेच थोडा थांबला. मग बाहेरूनच मोठ्यानं म्हणाला, "शेखर, नंबराचा घोळ झाला रे. तुझा नंबर उलटा चालते."

मला वाटलं, गिटार मोडून वर मलाच उलटा म्हणून राहिला. मी दार उघडलं नाही.

तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते.

कॅसेटचं मला आता काही वाटत नाही. तो माणूस आणखी चार जणांना ऐकून गेला, त्यातल्या कोणाचीही कॅसेट निघाली नाही. गेलं ते एवढंच की मला हसवणारा माणूस एकच होता.

मी येणार नाही. ज्या स्टेजसमोर ते बोललो, तिथे कोणत्या तोंडानं उभा राहू? माझ्या वतीनं तू एक कर. १४ तारखेला माईकवर हे पत्र वाचून दाखव. जिथे त्याचं नाव गेलं, तिथेच परत येऊ दे.

प्रणोतीच्या फोनवरून पाच हजार एकशे चाळीस पाठवतो आहे. पाच हजार नव्या वाटीसाठी आणि तारांसाठी. एकशे चाळीस गुलाबचे. त्या संचाचे पैसे त्यानं आपल्या खिशातून घातले होते, मी दिले नव्हते.

तुझा काका,
चंद्रशेखर

&nbsp;

घमापुर, जबलपूर
रविवार, ४ मे २०२५, सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

आदरणीय काका, जय भीम.

आत्ता मी पहिली तार गेजमध्ये घालून पाहिली. नवी असूनही. अठ्ठावीसच्या खाचेत सैल जाते आणि एकोणतीसमध्ये जात नाही. पाकिटावर चौदा आहे, टिंबासकट.

नवी वाटी कोलकात्याहून परवा आली. जुनी मी टाकली नाही. बाबांच्या हातोडीच्या खुणा आहेत म्हणून भिंतीला टांगली आहे. आई म्हणते, पाहुणे विचारतील ताट काहून टांगलं.

चौदा तारखेचे सांगायला उशीर केला, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते. तुमचे पत्र घडी करून मी शर्टाच्या खिशात घेऊन गेलो होतो. सहा वेळा घरी वाचून सराव केला होता, म्हणजे अडखळणार नाही. माझे नाव पुकारले. मी माईकजवळ गेलो आणि माईकने शिट्टी मारली. मागून कोणीतरी म्हणाले, "गुलाबराव हात लावून गेले काय?" लोक हसले. ज्यांनी म्हटले ते माझ्याहून लहान आहेत, त्यांना काही माहीत नाही.

मी पत्र काढले. तेवढ्यात आई बायकांच्या रांगेतून उठून आली. तिने माझ्या हातातून पत्र घेतले, घडी केली आणि हळूच म्हणाली, "बसून घे. हे काकांनी सांगायचं आहे. तू काहून सांगून राहिला?" मी बसलो. लोकांना वाटले मी घाबरलो.

घरी आल्यावर मी तिला विचारले की तुला राग आहे काय. म्हणाली, राग नाही. तुझे बाबा चार वेळा गेले होते, काका एकदा येऊ शकतात. एवढेच म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

म्हणून पत्र वाचलेले नाही. ते आईजवळ आहे. वस्तीत अजून तीच गंमत चालू आहे.

तारा मी लावल्या आहेत, पण सूर चढवलेला नाही. भीती वाटते म्हणून नाही. आता हिशेब बरोबर आहे, वाटी बसणार नाही. पण पहिला आवाज मी काढावा असे मला वाटत नाही. सैल ठेवल्या आहेत. दिवाळीला अजून पाच महिने आहेत.

तुमच्या पैशांचा हिशेब खाली देतो. एकशे चाळीस रुपये आज प्रणोती दीदींच्या फोनवर परत पाठवले आहेत. रागावू नका, आईने सांगितले. ती म्हणाली, हे फोनवर घ्यायचे पैसे नाहीत.

आपला,
सुमेध

मिळाले : ५१४० रु.
परत केले : १४० रु.
नवी वाटी : ३४०० रु.
चौदाचा संच : ११८० रु.
कोलकात्याहून आणण्याचा खर्च : २६० रु.
शिल्लक, माझ्याजवळ : १६० रु.
अठराचा संच, माझी चूक, तुमच्या नावे नाही : १२६० रु.
गुलाबराव यांचे येणे, एप्रिल १९९९, अठराचा संच : १४० रु., समक्ष.